डबा, डंबेल आणि झोप

भोसरीपासून चाकणपर्यंत कुठल्याही जिममध्ये नवा मुलगा दाखल झाला की आठवडाभरात त्याचा एक प्रश्न हमखास येतो : पावडर कोणती घेऊ? विचारणारा बहुधा कंपनीत ट्रेनी किंवा कंत्राटी कामगार असतो. तिघा-चौघांत खोली करून राहतो, मेसचा डबा खातो, शिफ्ट बदलेल तसा झोपतो आणि पगारातला मोठा हिस्सा त्या चकचकीत डब्यावर घालायला तयार असतो. अंग कमावण्याची त्याची इच्छा चांगलीच आहे, तिला खतपाणी मिळायला हवे. पण गेल्या ऐंशी वर्षांतले संशोधन पाहिले तर त्याने सुरुवात शेवटाकडून केली आहे असे दिसते. स्नायू वाढण्यात पहिला मान वाढत्या वजनाच्या व्यायामाचा. त्यानंतर पोटभर जेवण आणि त्यातली प्रथिने, मग झोप. पावडरचा नंबर या सगळ्यांनंतर लागतो आणि बहुतेकांना तिची गरजही पडत नाही.

हा क्रम कुठून आला आणि पिंपरी-चिंचवड व चाकणच्या कामगाराला तो कसा पाळता येईल, ते पाहू.

दिवसभर राबूनही अंग का भरत नाही?

"आठ तास उभाच असतो, वेगळा व्यायाम कशाला?" हे वाक्य औद्योगिक पट्ट्यात पदोपदी ऐकू येते. लाइनवर उभे राहणे, प्रेस शॉपमध्ये पत्रे सरकवणे, ट्रॉली ओढणे यात कष्ट आहेतच. पण स्नायू वाढतो तो वाढत्या ताणाने. असेंब्लीचे काम मुद्दाम अशा बेताने आखलेले असते की तीच हालचाल शिफ्टच्या पहिल्या तासाला जमावी आणि शेवटच्या तासालाही जमावी. शरीर काही आठवड्यांत त्या भाराला सरावते आणि तिथेच थांबते. थकवा मात्र रोज साचत जातो.

२०१८ साली १७ अभ्यासांतल्या सुमारे १ लाख ९३ हजार लोकांची माहिती एकत्र करून पाहण्यात आली. कामावर खूप अंगमेहनत करणाऱ्या पुरुषांत अकाली मृत्यूचा धोका कमी मेहनतीचे काम करणाऱ्यांपेक्षा १८ टक्के जास्त आढळला. यात गरिबी, धूम्रपान अशा इतर कारणांचाही हात असू शकतो. तरी संशोधकांनी दिलेले स्पष्टीकरण कुठल्याही कामगाराला पटेल असे आहे : व्यायाम थोडा वेळ जोरकस असतो आणि त्यानंतर विश्रांती मिळते, काम मात्र तासन्‌तास चालते, त्याची गती आपल्या हातात नसते आणि शरीराला सावरायला वेळ मिळत नाही.

वाढत्या भाराचे हे तत्त्व आधुनिक वैद्यकात रुजवण्याचे श्रेय थॉमस डीलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरांना जाते. दुसऱ्या महायुद्धात गुडघे जायबंदी झालेल्या सैनिकांना तेव्हा हलके वजन देऊन पुष्कळ वेळा पाय हलवायला लावत. डीलॉर्म यांनी उलट केले. जेमतेम दहा वेळा उचलता येईल एवढे वजन दिले आणि ताकद वाढली की वजनही वाढवले. १९४५ मध्ये त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. आज जगभरच्या जिममध्ये चालणारे दहा-दहाचे सेट तिथूनच आले.

आपल्या तालमींना हे वेगळ्या भाषेत ठाऊक होते. वस्ताद पोराला पहिल्याच दिवशी जड मुद्गल देत नाही. जोर-बैठकांचा आकडा हळूहळू चढवतो, मग मुद्गल जड होतो, मग जोडीदार जड होतो. चाकण ज्या खेड तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातल्या राक्षेवाडीच्या शिवराज राक्षेने जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात कोथरूडला महेंद्र गायकवाडला हरवून महाराष्ट्र केसरीची गदा मिळवली. अशा गदेच्या मागे वर्षानुवर्षे रोज थोडा थोडा चढवलेला भार असतो.

यासाठी महागडी जिम लागते असेही नाही. साधा जोर घ्या. नवख्या माणसाने आधी भिंतीला हात टेकून काढावा. ते सोपे झाले की पलंगाच्या कडेवर हात ठेवून, मग जमिनीवर, मग पाय पायरीवर ठेवून, आणि शेवटी पाठीवर पुस्तकांनी भरलेली सॅक घेऊन. खाली जाताना तीन आकडे मोजावेत म्हणजे छाती, खांदे आणि दंडाच्या मागचा स्नायू पूर्ण ताणाखाली राहतात. सेट पुरेसा झाला की नाही याची खूण सोपी आहे : वर येताना आपण घाई करत असूनही शेवटच्या दोन-तीन जोरांची गती आपोआप मंदावली पाहिजे. ती मंदावली नाही तर सेट हलका गेला. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने २०१२ मध्ये तरुणांकडून एका पायाचा कमाल क्षमतेच्या ८० टक्के वजनाने आणि दुसऱ्याचा ३० टक्के वजनाने दमेपर्यंत व्यायाम करवून पाहिला. दहा आठवड्यांनी स्नायूंची वाढ जवळपास सारखीच भरली. कमाल ताकद हवी असेल तर जड वजनाला पर्याय नाही, पण स्नायू भरण्यासाठी खोलीतले जोर आणि बैठकाही चालतात. अट एकच, स्नायू दमेपर्यंत काढल्या पाहिजेत.

आत नेमके काय घडते?

ताणाखाली आलेल्या स्नायूपेशींमध्ये रासायनिक संदेशांची एक साखळी जागी होते. तिच्यातला मध्यवर्ती घटक एमटॉर या नावाने ओळखला जातो. तो पेशीला नवी प्रथिने बांधायला लावतो. आपल्या स्नायूंत बांधणी आणि मोड दोन्ही रात्रंदिवस चालू असतात. चांगल्या व्यायामानंतर बांधणीचा वेग साधारण एक ते दोन दिवस चढा राहतो. या काळात जेवणातून प्रथिनांचे घटक असलेली अमिनो आम्ले मिळाली, त्यातही ल्युसीन नावाचे, तर बांधणी मोडीपेक्षा वरचढ ठरते. असे आठवड्यामागून आठवडे झाले की स्नायू जाड होतो.

इथे धीर धरावा लागतो. मोरितानी आणि डिव्ह्राइज यांनी १९७९ मध्ये दाखवले की पहिल्या काही आठवड्यांत वाढणारी ताकद मुख्यतः मज्जासंस्थेची असते. मेंदू जास्त स्नायूतंतू कामाला लावायला शिकतो. आरशात फरक दिसायला त्यानंतर वेळ लागतो. महिनाभरात दंड फुगले नाहीत म्हणून निराश होऊन दुकान गाठणारी मुले नेमकी याच टप्प्यावर चुकतात.

नुसती प्रथिने खाल्ली तर? याचे सर्वांत बोलके उत्तर वृद्धाश्रमातून आले. बोस्टनच्या मारिया फियाटारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये नव्वदीच्या दहा अशक्त वृद्धांना आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम दिला. ज्यांनी तो पूर्ण केला त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. पुढे १९९४ मध्ये त्यांनी १०० वृद्धांचे गट केले : काहींना व्यायाम, काहींना पोषक पेय, काहींना दोन्ही, काहींना यातले काहीच नाही. दहा आठवड्यांत व्यायाम करणाऱ्यांची ताकद दुपटीच्या वर गेली. नुसते पेय घेणाऱ्यांना ताकदीच्या दृष्टीने काहीच लाभ झाला नाही. स्टोअरमध्ये माल भरून ठेवला, पण शॉपवर ऑर्डरच नसेल तर उत्पादन होत नाही, तसेच हे आहे. ऑर्डर व्यायामाने निघते.

मग प्रथिने किती?

या प्रश्नावरचा सर्वांत जास्त उद्धृत होणारा अभ्यास मॅकमास्टरच्याच रॉबर्ट मॉर्टन आणि स्टुअर्ट फिलिप्स यांच्या गटाचा आहे. २०१८ मध्ये त्यांनी ४९ प्रयोगांतल्या १८६३ जणांची माहिती एकत्र मांडली. सगळे वजनी व्यायाम करत होते, काहींना वरून प्रथिने दिली होती. ती घेणाऱ्यांना ताकद आणि स्नायू या दोन्हींत फायदा झाला, पण स्नायूंचा जास्तीचा फायदा सरासरी ३०० ग्रॅमच्या आसपास होता. व्यायामाने मिळालेल्या कमाईवरची ही छोटी भर. शिवाय दिवसाचा एकूण आहार शरीराच्या दर किलो वजनामागे सुमारे १.६ ग्रॅम प्रथिनांवर पोहोचला की त्यापुढे सरासरी लाभ दिसेनासा झाला.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांची शिफारस सर्वसामान्य निरोगी प्रौढासाठी दर किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे. ६५ किलोच्या पुरुषाला ५४ ग्रॅम आणि ५५ किलोच्या स्त्रीला ४६ ग्रॅम. ज्यांचे जेवण मुख्यतः धान्यावर आहे त्यांनी दर किलोमागे १ ग्रॅम धरावे, कारण धान्यातली प्रथिने कमी दर्जाची असतात. २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत या संस्थांनीही १.६ च्या पुढे व्यायामाला काही हातभार लागत नाही असे नमूद केले आणि पावडरींच्या सर्रास वापराविरुद्ध सल्ला दिला. वजनी व्यायाम करणाऱ्या माणसाने दर किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम हे लक्ष्य ठेवले तर भागते. ६५ किलोला म्हणजे ७८ ते १०४ ग्रॅम.

आता मेसचा डबा उघडू. चार पोळ्या, म्हणजे साधारण १२० ग्रॅम कणीक : १३ ग्रॅम प्रथिने. मूदभर भात : ४ ग्रॅम. पातळ वरणात डाळ जेमतेम १५-२० ग्रॅम : ४ ग्रॅम. बटाटा किंवा फ्लॉवरची भाजी : २-३ ग्रॅम. एका वेळचे २३-२४ ग्रॅम झाले, दोन वेळचे ४७. सकाळचे पोहे आणि दोन कप चहातले दूध मिळून आणखी ८. एकूण ५५. म्हणजे सर्वसामान्य शिफारस जेमतेम गाठली, आणि तीही मुख्यतः पोळीच्या जोरावर. व्यायाम करायचा तर २५ ते ५० ग्रॅमची तूट भरायला हवी.

ती भरायची कशी? दोन उकडलेली अंडी : १२ ग्रॅम. पाव लिटर दूध : ८. मोड आलेल्या मटकीची किंवा हरभऱ्याची उसळ, कोरडे कडधान्य ५० ग्रॅम : १० च्या वर. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाणे : ७. बेरीज ३७. पंचावन्नात मिळवली की ९२ ग्रॅम, दर किलोमागे १.४. अंडी चालत नसतील तर २५ ग्रॅम कोरडे सोयाबीन वडे त्या दोन अंड्यांची जागा भरून काढतात. कुठल्याही किराणा दुकानात हे सगळे मिळते. मटकी भिजवायला भांडे आणि फडके लागते, अंडी उकडायला खोलीतली शेगडी. पावडर घ्यायचीच असेल तर आधी एक हिशेब करावा : डब्याच्या किमतीला त्यातल्या एकूण प्रथिनांच्या ग्रॅमने भागावे, आणि अंडी, सोयाबीन, फुटाणे यांचाही तसाच भाव काढून शेजारी मांडावा.

सुखात्म्यांनी मांडलेली बाब

प्रथिनांच्या चर्चेत महाराष्ट्राने एक नाव विसरू नये, डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले हे संख्याशास्त्रज्ञ पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे संचालक झाले. विकसनशील देशांत प्रथिनांचा तुटवडा आहे आणि तो खास प्रथिनयुक्त पदार्थ वाटून भरला पाहिजे, असा त्या काळी जगभर बोलबाला होता. सुखात्म्यांनी भारतातल्या आहाराचे आकडे तपासून वेगळे चित्र मांडले. बहुतेकांचे मूळ दुखणे एकूण अन्न कमी पडण्याचे आहे. पोटात ऊर्जा अपुरी गेली की शरीर प्रथिने बांधणीला न वापरता इंधन म्हणून जाळते. अशा माणसाला नुसती प्रथिने देऊन उपयोग नाही, आधी तो पोटभर जेवला पाहिजे.

सुखात्म्यांच्या नंतरच्या काही सिद्धांतांवर मोठे वाद झाले आणि आहारातल्या प्रथिनांच्या दर्जाबद्दलची समजही पुढे गेली. पण ही मूळ बाब आजही तितकीच खरी आहे. सेकंड शिफ्टला जाताना चहा-बिस्किटावर निघायचे, ओटी करायची, रात्री उशिरा अर्धे जेवण टाकायचे आणि सकाळी पाण्यात पावडर हलवून प्यायची, असे करणारा मुलगा महागडी प्रथिने जाळून त्यातून साधी ऊर्जा काढत असतो. तेवढी ऊर्जा त्याला दोन भाकऱ्यांनी दिली असती. वजन वाढत नसेल, तर प्रथिने मोजण्याआधी भाकरी मोजावी.

माळकऱ्याने काय करावे?

देहू आणि आळंदीच्या या पट्ट्यात माळकरी घरे पुष्कळ. त्यांची मुले विचारतात, मांस-अंडी वर्ज्य असेल तर स्नायू वाढतील का? ब्राझीलमधल्या साओ पावलो इथे २०२१ मध्ये याचे थेट उत्तर मिळाले. १९ तरुण दूधसुद्धा न घेणारे आणि १९ मिश्राहारी, दोन्ही गटांना दर किलोमागे १.६ ग्रॅम प्रथिने, पहिल्या गटाला त्यासाठी सोयाचा आधार, दुसऱ्याला दुधातल्या व्हे प्रथिनांचा. बारा आठवडे पायांचा वजनी व्यायाम झाला आणि दोन्ही गटांच्या स्नायूंत व ताकदीत सारखीच वाढ झाली. आपल्या माळकऱ्याकडे तर दूध, दही, ताक आणि पनीरही आहे. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, डाळीत भरपूर. म्हणून भाकरीबरोबर पिठले, भाताबरोबर घट्ट वरण ही आपल्या स्वयंपाकघराची जोडी शास्त्राच्या कसोटीला उतरते. वरण घट्ट हवे, ही त्यातली खरी अट.

व्यायाम संपल्यावर अर्ध्या तासात प्रथिने घेतलीच पाहिजेत, या समजालाही आता फारसा आधार उरलेला नाही. २०१३ च्या एका मोठ्या आढाव्यात वेळेपेक्षा दिवसाची एकूण मात्रा महत्त्वाची ठरली. २०२३ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी दाखवले की एका वेळी १०० ग्रॅम दुधातली प्रथिने घेतली तरी शरीर ती बारा तासांहून अधिक काळ वापरत राहते. शिफ्टमध्ये काम करणाऱ्याला ही फार दिलासा देणारी बातमी आहे. जेवण मिळेल तेव्हा नीट जेवावे, घड्याळाची धास्ती घेऊ नये.

नाइट शिफ्ट आणि झोप

या पट्ट्यात सर्वांत कमी बोलली जाणारी गोष्ट झोप. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये १३ निरोगी तरुण-तरुणींना एक रात्र पूर्ण जागवले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या स्नायूंतली प्रथिनबांधणी १८ टक्क्यांनी घटली, बांधणीला पोषक असलेले टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक २४ टक्क्यांनी उतरले आणि मोडीला हातभार लावणारे कॉर्टिसोल २१ टक्क्यांनी चढले. एका रात्रीचा हा परिणाम. आधी २०१० मध्ये शिकागोत वजन कमी करणाऱ्यांवर प्रयोग झाला होता. आहार तोच ठेवून झोपेची मुभा साडेआठ तासांवरून साडेपाच तासांवर आणली, तेव्हा कमी झालेल्या वजनात चरबीचा वाटा घसरला आणि स्नायूंसारख्या चरबीविरहित भागाचा वाटा वाढला.

म्हणून नाइट करणाऱ्याने व्यायामाइतकाच झोपेचा बेत आखावा. सकाळी खोलीवर आल्यावर हलके खाऊन, खिडकीला जाड पडदा लावून, मोबाइल बंद करून सलग झोप घ्यावी. व्यायाम दुपारी उठल्यावर करावा. शिफ्टहून थेट जिममध्ये जाऊन पेंगत वजन उचलण्यात इजेचाही धोका असतो. आणि चार जणांच्या खोलीत तीन वेगवेगळ्या शिफ्टची माणसे राहत असतील तर एकमेकांच्या झोपेचा मान राखणे हा त्या खोलीचा पहिला नियम असावा.

पावडर आणि सुई

२०२४ मध्ये केरळच्या डॉक्टरांनी देशात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रथिन पावडरी प्रयोगशाळेत तपासल्या. सुमारे ७० टक्के डब्यांवर लिहिलेले आणि आत असलेले प्रथिनांचे प्रमाण जुळले नाही. काहींत बुरशीचे अफ्लाटॉक्सिन विष आणि कीटकनाशकांचे अंश सापडले. चांगली पावडर असूच शकत नाही असे नाही. पण ती औषध नाही, अन्नाचाच एक महाग प्रकार आहे. ज्याला खरोखर जेवणातून मात्रा गाठता येत नाही त्याने ती तपासून घ्यावी. निरोगी माणसाच्या मूत्रपिंडाला दर किलोमागे १.६ ग्रॅमपर्यंतच्या मात्रेने अपाय झाल्याचे दिसलेले नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा बरीच वर्षे मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिने वाढवू नयेत.

सुईचे मात्र स्पष्ट सांगायला हवे. मेफेंटरमाइन सल्फेट हे भूल देताना घसरलेला रक्तदाब वर आणण्याचे इंजेक्शन. ते जिममधल्या मुलांना चोरून विकणाऱ्यांवर पुणे परिसरात पोलिसांनी वेळोवेळी कारवाई केली आहे. त्याने स्नायू वाढत नाहीत. काही काळ थकवा जाणवत नाही आणि हृदयावर ताण येतो. स्टेरॉइडने स्नायू वाढतात, पण यकृत, हृदय आणि प्रजननक्षमता यांची किंमत मोजून. कोणी ट्रेनर बाटली किंवा सुई पुढे करत असेल तर ती जिम त्याच दिवशी सोडावी.

स्नायू दिखाव्यापलीकडचा

हे सगळे कशासाठी, याचे उत्तर पुण्यातच मिळाले आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुणे परिसरातल्या सहा गावांतल्या माता आणि मुलांचा अभ्यास करत आले आहेत. त्यांनी इथली नवजात बाळे इंग्लंडच्या साउथॅम्प्टनमधल्या बाळांशी ताडून पाहिली. इथल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तिथले ३.५. वजनाने इतकी कमी असूनही आपल्या बाळांच्या त्वचेखालची चरबी मात्र बऱ्याच अंशी टिकून होती. कमी होते ते स्नायू. २००४ मध्ये याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच आकडे दिले. उंचीच्या मानाने वजन दोघांचे सारखेच, बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के.

सडपातळ दिसणारा मराठी माणूस आतून चरबीने भरलेला आणि स्नायूंनी तोकडा असू शकतो, हे त्यातून कळते. जेवणानंतर इन्सुलिनच्या इशाऱ्यावर रक्तातली साखर उचलण्याचे मोठे काम स्नायू करतात. स्नायू कमी तर साखर ठेवायला जागा कमी, आणि तिशी-चाळिशीत मधुमेहाला आमंत्रण. तिशीनंतर दर दशकात स्नायू साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटत जातात हेही ध्यानात घ्यावे. म्हणून वजन उचलणे हे फक्त विशीतल्या मुलांचे काम नाही. वायरिंग आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या लाइनवर दिवसभर बसून काम करणाऱ्या, घरी शेवटी उरलेले जेवणाऱ्या बायकांना त्याची गरज सर्वाधिक आहे. वजन उचलून बाईचे अंग पुरुषी होते ही भीती निराधार आहे. ताकद मात्र टक्केवारीत पुरुषांइतकीच वाढते आणि हाडेही घट्ट राहतात.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सुचवते. बैठका, जोर, काहीतरी ओढणे आणि जमिनीवरून वजन उचलणे या चार हालचालींचे प्रत्येकी तीन सेट, पाऊण तासात होतात. एवढे माणूस स्वतः करू शकतो. बाकीचे एकट्याच्या हातात नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याने अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्याला कॅन्टीन बंधनकारक केले होते. त्या कॅन्टीनमध्ये कंत्राटी कामगारालाही वाटीभर घट्ट वरण, एक उसळ आणि अंडे किंवा दही मिळावे, शिफ्ट बदलताना झोपेला पुरेसे तास मिळावेत आणि महापालिकेच्या व्यायामशाळा सेकंड शिफ्टवाल्याला सकाळी व नाइटवाल्याला दुपारी उघड्या असाव्यात. कामगार संघटनांनी पगाराच्या करारात पहिले दोन मुद्दे आवर्जून घालावेत आणि तिसऱ्याचा महापालिकेकडे आग्रह धरावा, कारण निवृत्तीच्या दिवशी पीएफइतकीच महत्त्वाची शिल्लक पायांतल्या ताकदीची असते.